मॉल आधी, आठवडे बाजार नंतर : महामारीतील व्यवसायबंदी आणि भोर-वेल्ह्याचे आरोग्य

महाराष्ट्रातले मॉल ५ ऑगस्ट २०२० रोजी उघडले. हॉटेले आणि उपाहारगृहे निम्म्या आसनक्षमतेने ५ ऑक्टोबरला सुरू झाली. गावोगावच्या आठवडे बाजारांना, जनावरांच्या बाजारांसकट, सरकारी परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबरला. या तीन तारखा एकीखाली एक मांडल्या की कोरोना महामारीतल्या व्यवसायबंदीबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप उभे राहतात. रोग श्वासावाटे पसरणारा. तरी काचेच्या दारांआडची वातानुकूलित इमारत आधी खुली झाली आणि उघड्या आभाळाखाली पाल ठोकून बसणारा बाजार सव्वादोन महिने मागे राहिला. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. मॉलवाल्यांची संघटना असते, तिचे शिष्टमंडळ मंत्रालयात जाते, भाड्याचे आणि कराचे आकडे पुढे ठेवते. भोरच्या बाजारात मेथीच्या चार जुड्या नाहीतर पाटीभर करवंदे घेऊन बसणारीचे शिष्टमंडळ नसते. पण या सगळ्या आदेशांवर शिक्का आरोग्याचा होता. म्हणून त्यांची तपासणीही आरोग्याच्याच मापाने व्हायला हवी.

ती तशी फारशी झालेली नाही. बंदीचे समर्थक मृत्यूंचे आकडे पुढे करतात, विरोधक धंद्याच्या नुकसानीचे, आणि वाद ‘जीव की पैसा’ या उथळ पाण्यात अडकतो. माझे म्हणणे वेगळे आहे. व्यवसाय बंद केल्याने रोग जात नाही, मुदत मिळते. ही मुदत कर्जाऊ असते. तिच्यावर व्याज चढते आणि ते आरोग्यातच फेडावे लागते : चुकलेल्या औषधात, अर्धपोटी राहण्यात, दवाखान्यापर्यंत न पोहोचण्यात. शिवाय कर्ज काढणारा एक आणि व्याज भरणारा दुसरा, असेही होते. तेव्हा प्रत्येक बंदीला तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. तिने कोणती बंदिस्त गर्दी मोडली? तिने अन्नाची, औषधाची, उपचाराची कोणती वाट अडवली? आणि मिळालेल्या मुदतीत काय उभे राहिले? भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके या प्रश्नांसाठी मुद्दाम निवडावेत असे आहेत, कारण तिथे व्याज ठळक दिसते आणि कर्ज कोणी काढले तेही दिसते.

भूगोल आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. त्यात भोर तालुक्याचे लोक १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याचे, ज्या तालुक्याचे नाव सरकारने आता राजगड केले आहे, जेमतेम साडेचोपन्न हजार. म्हणजे जिल्ह्यातल्या शंभर माणसांत वेल्ह्याचे पुरते एकही नाही. भोरला निदान नगरपालिका आहे, संस्थानकाळापासूनची बाजारपेठ आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे. वेल्ह्यात तालुक्याचे ठिकाणही ग्रामपंचायतीचे गाव. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही जुनी नावे आजही उपयोगी पडतात, कारण माणसांचे येणे-जाणे अजून खोऱ्यांच्याच वळणाने चालते. पश्चिमेला केळदचा किंवा हिरडोशीकडचा माणूस भात, नाचणी, वरी पिकवतो, पावसाळ्यात चार महिने चिखलात असतो आणि उरलेल्या वर्षाच्या मिठा-तेलाला रोकड हवी म्हणून घरातले एक तरी माणूस पुण्याला, मुंबईला किंवा नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यांत कामाला असते. पूर्वेकडे कापूरहोळ, नसरापूर, किकवी, सारोळा ही महामार्गावरची गावे. त्यांचे जग वेगळे, हॉटेलांचे, ढाब्यांचे, गॅरेजांचे, दूध संकलनाचे. एकाच आदेशाने हे दोन्ही बंद करता येते. दोन्हीकडचे परिणाम मात्र सारखे होत नाहीत.

बंदीच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे आणि तो आडपडदा न ठेवता मांडला पाहिजे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात फिलाडेल्फियाने २८ सप्टेंबरला युद्धकर्जाची प्रचंड मिरवणूक होऊ दिली. सेंट लुइसने पहिले रुग्ण दिसताच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा, नाट्यगृहे, सभा बंद केल्या. साथीच्या शिखरावर सेंट लुइसचा आठवड्याचा मृत्युदर फिलाडेल्फियाच्या साधारण एक अष्टमांश राहिला. पुढे २००७ मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा लवकर आणि एकापेक्षा अधिक उपाय करणाऱ्या शहरांत शिखर सुमारे निम्म्याने खाली आल्याचे दिसले. मात्र एकूण मृत्यूंतली घट त्या मानाने थोडी, २० टक्क्यांच्या आसपास होती. बंदी उठताच काही शहरांत साथीने दुसऱ्यांदा डोके वर काढले. शिखर निम्मे आणि एकूण घट पंचमांश, या दोन आकड्यांतली तफावत हीच मुदतीची व्याख्या समजायला हरकत नाही. रुग्णालय कोलमडत नाही, हा त्या मुदतीचा मोठा लाभ. पण साथ टळत नाही, पुढे ढकलली जाते. आणि त्या वेळी अमेरिकेकडे मुदतीत आणण्यासारखी लसही नव्हती. आपल्याकडे त्याच १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात तापाच्या जोडीला पावसाने दगा दिला होता. अर्धपोटी माणसांत ताप शिरला की काय होते, हे त्या वर्षाच्या मृत्युसंख्येने दाखवून दिले आहे. आजचे बंदीचे आदेश लिहिणाऱ्यांनी त्या वर्षाकडून घ्यायचा धडा शाळा बंद करण्याइतकाच धान्य पोहोचवण्याचाही आहे.

हे राज्याला अगदीच सुचले नाही असे नाही. शिवभोजन थाळी मार्च २०२० च्या अखेरीस १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली, २०२१ च्या एप्रिलात फुकट झाली. केंद्राने एप्रिल २०२० पासून रेशनकार्डावर माणशी ५ किलो धान्य मोफत दिले. भोर-वेल्ह्यासारख्या भागात लोक तगले त्यात या धान्याचा वाटा मोठा आहे. ज्या कायद्यांच्या आधारे दुकाने बंद झाली त्यांतला एक १८९७ चा, पुण्या-मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. त्यात सरकारला काय काय करण्याचा अधिकार आहे ते लिहिले आहे. ज्याचे काम बंद केले त्याला जेवू घालण्याचे कलम त्यात नाही. २०२० मध्ये धान्य मिळाले ते योजनेमुळे, कायद्याने नव्हे. योजना मुदतवाढीवर चालते, आणि महिनाअखेरीला पुढची मुदतवाढ येणार की नाही हे वाडीवरच्या माणसाला माहीत नसते.

आता मिळालेल्या मुदतीचे काय झाले ते पाहू. मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरच्या पहिल्या देशव्यापी रक्तचाचणी सर्वेक्षणात संसर्ग होऊन गेलेले प्रौढ शंभरात एकही भरले नाहीत, प्रमाण ०.७३ टक्के होते. जुलै-ऑगस्टमध्ये पुणे शहराच्या पाच प्रभागांत तपासणी झाली तेव्हा तेच प्रमाण ५१.५ टक्के निघाले, दाट वस्त्यांत साठीच्या आसपास आणि सदनिकांत ३३. विशेष म्हणजे ही तपासणी १४ ते २३ जुलैच्या शहरभरच्या कडक टाळेबंदीच्या लगतची आहे. दुकाने बंद होती, रस्ते ओस होते, पण दहा बाय दहाच्या खोलीतली सहा माणसे आणि वस्तीचे सामाईक शौचालय बंद करता येत नव्हते. ग्रामीण भागात साथ मागाहून पोहोचली. डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ च्या तिसऱ्या देशव्यापी सर्वेक्षणातही खेड्यांतले प्रमाण १९ टक्के होते, शहरी झोपडपट्ट्यांत ३१.७. याचा अर्थ असा की भोर-वेल्ह्याच्या बाजारपेठा सर्वांत कडक बंद होत्या त्या एप्रिल-मे २०२० मध्ये, म्हणजे तिथे रोग जवळजवळ नसताना. आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये रोग खऱ्या अर्थाने खोऱ्यांत शिरला तेव्हा लोकांची गाठ वर्षभरात आटलेली होती. राज्यात १८ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात ६८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, पहिल्या लाटेच्या शिखराच्या पावणेतीनपट. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर उभे राहिलेले जम्बो रुग्णालय २०२१ च्या सुरुवातीला थांबवून मार्चमध्ये पुन्हा उघडावे लागले. ऑक्सिजनसाठी जिल्हाभर धावाधाव झाली. पहिल्या बंदीने घेतलेली मुदत शहराच्या कामी काही प्रमाणात आली. खोऱ्यांच्या वाट्याला मात्र तिचे व्याज आले.

हे व्याज नेमके कशाचे, ते समजायला डोंगरी भागातला व्यवसाय म्हणजे काय ते जवळून पाहावे लागते. आठवडे बाजाराचा दिवस घ्या. सकाळच्या एसटीने किंवा वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपने माणूस उतरतो तो पिशवीत अंडी, हिरडा, तांदूळ, कोंबडी असे काहीतरी विकायचे घेऊन. ते विकून येणाऱ्या पैशांतून आठवड्याचे सामान घेतो, मग औषधाच्या दुकानात म्हाताऱ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्याच फेरीत दात ठणकत असेल तर दवाखाना, बँकेत निराधार योजनेचे पैसे जमा झाले का ही चौकशी, आणि परतीच्या गाडीआधी चहा. विक्री, खरेदी, औषध, उपचार, पेन्शन ही सगळी एकाच फेरीची कामे आहेत, आणि त्या फेरीचे भाडे पिशवीतल्या अंड्यांतून निघते. आदेशात मात्र यांची वेगवेगळी खाती पडतात. औषधांचे दुकान अत्यावश्यक म्हणून उघडे, दवाखाना उघडा, बाजार बंद, एसटी बंद. कागदावर उपचाराची वाट मोकळी आहे, प्रत्यक्षात ती मधोमध तुटली आहे. वेल्ह्यातल्या माणसाच्या दृष्टीने एसटी हा वाहतुकीचा व्यवसाय कमी आणि आरोग्यसेवेचा पहिला टप्पा जास्त आहे. तीच एसटी २३ मार्च २०२० पासून थांबली आणि जिल्ह्याबाहेर जायला २० ऑगस्ट उजाडावा लागला. अडलेल्या बाळंतिणीला १०८ ची रुग्णवाहिका होती. रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या म्हातारीसाठी १०८ येत नाही.

दुसरे आहे वाण्याचे दुकान आणि त्याची उधारीची वही. किराणा कधीच बंद नव्हता, म्हणून अन्नपुरवठा सुरळीत होता असे सांगितले जाते. पण खेड्यातला किराणा उधारीवर चालतो आणि उधारी पुण्याहून येणाऱ्या पगारावर. हॉटेलात काम करणारा पोरगा एप्रिलात घरी परतला की वहीतले नाव तसेच राहते, पुढे फक्त आकडा वाढतो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने देशातल्या सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबांची एप्रिल-मे २०२० मधली कमाई पुरती बुडाल्याचे नोंदवले. अशा घरात आधी काय कमी होते, हे जुने दुष्काळ पाहिलेल्यांना विचारायला नको : डाळ, तेल, दूध, अंडी. भात असतोच, पोट भरते. शरीर झिजते ते सावकाश आणि नोंद न होता. दुधाचे तर उलटेच झाले. शहरातली हॉटेले, मिठाईची दुकाने, चहाच्या टपऱ्या बंद झाल्यावर दुधाला गिऱ्हाईक उरले नाही. राज्याने लिटरला २५ रुपये दराने दूध उचलण्याची योजना आणली, तरी जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये दरासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर यावे लागले. शेतीला बंदीतून सूट होती, हे खरे. पण एप्रिलात पुण्याचे मार्केट यार्डच बंद पडले. पिकवायची मोकळीक आणि विकायची बंदी, असा तो प्रकार.

थेट आरोग्यसेवेचे नुकसान मोजायला एक आकडा पुरेसा बोलका आहे. २०१९ मध्ये देशात क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय एका वर्षात चतुर्थांशाने कमी होत नसतो. कमी झाले ते सापडणे. न सापडलेला प्रत्येक रुग्ण घरात खोकत राहिला, आणि टाळेबंदीत घरातली सगळी माणसे त्याच्याच शेजारी बसून होती. यात बंद दुकानाचा वाटा किती, बंद गाड्यांचा किती, भीतीचा किती आणि कोरोनाकडे वळवलेल्या कर्मचाऱ्यांचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासात ग्राहकांची वर्दळ ६० टक्क्यांनी घटली, पण त्या साठांपैकी केवळ ७ टक्के-बिंदूंची घट सरकारी बंदीच्या खात्यावर पडली; बाकी लोक आपणहून घरी बसले होते. हा निष्कर्ष बंदीच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखाच अडचणीचा आहे. बंदीने जीव वाचवले म्हणणाऱ्यांना श्रेय वाटून घ्यावे लागते आणि बंदीने धंदा बुडाला म्हणणाऱ्यांना दोष. पण तो अभ्यास ज्यांना घरी बसणे परवडते अशा ग्राहकांच्या देशातला आहे. रोजंदारीवरचा माणूस भीतीने फार दिवस घरी बसू शकत नाही. त्याला बसवावे लागते, ते आदेशानेच. म्हणून आपल्याकडे बंदीचा वाटा त्याहून मोठा असणार असे मी धरतो. जमेच्या बाजूला एक गोष्ट मांडलीच पाहिजे. देशातले रस्ते अपघातांतले मृत्यू २०१९ च्या १ लाख ५१ हजारांवरून २०२० मध्ये १ लाख ३२ हजारांवर आले, आणि पुणे-सातारा महामार्ग तालुक्यातून जातो त्या भोरला याचे मोल कळेल.

बंदी नीट लक्ष्य साधून घातली नाही तर ती रोगाच्याच बाजूने काम करू लागते, हे २०२१ च्या उन्हाळ्यात दिसले. राज्याच्या ‘ब्रेक द चेन’ या निर्बंधांच्या आदेशांनी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात किराणा आणि भाजीची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवली. माणसांच्या गरजा तेवढ्याच, तास चार. जी गिऱ्हाइके दिवसभर तुरळक येत, ती आता एकाच वेळी काउंटरला टेकलेली. त्याआधी शनिवार-रविवारची पूर्ण बंदी आली तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ अशीच तुंबली. घरपोच सेवेला रात्री ८ पर्यंत मुभा होती म्हणे. केळदच्या वरच्या धनगरवाड्यावर डाळ-तांदूळ घरपोच कोण नेणार होते, हे आदेशाने सांगितले नाही. उलट तास वाढवले असते आणि एका वेळी आत किती माणसे यावर मर्यादा घातली असती, तर तेवढाच व्यवहार कमी संसर्गात झाला असता. हे मत काही घरचे नाही. अमेरिकेतल्या दहा महानगरांतल्या सुमारे पावणेदहा कोटी लोकांच्या मोबाइलच्या हालचालींवरून नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हेच मांडले : बहुतेक संसर्ग थोड्या प्रकारच्या ठिकाणी होतो, त्यांत बसून खाण्याची हॉटेले आणि व्यायामशाळा आघाडीवर, आणि सगळीकडे सरसकट कपात करण्यापेक्षा एका वेळच्या गर्दीवर मर्यादा अधिक लागू पडते.

सगळ्यांत मोठा घोटाळा बंदीच्या मापात होता. मे २०२० च्या लाल-नारिंगी-हिरव्या रंगांत रंग दिला गेला जिल्ह्याला, आणि पुणे जिल्हा लाल. ग्रामीण भागातल्या दुकानांना केंद्राने ४ मे पासून सवलत दिली होती हे मान्य. पण गाड्या, जिल्ह्याच्या हद्दी आणि बाजार बंद असताना दुकान उघडून त्यात भरायचे काय आणि विकायचे कोणाला? नीरा नदी ही पुणे-साताऱ्याची सीमा. सारोळ्याच्या पुलापलीकडे काही किलोमीटरवर शिरवळ. एरवी लोक ज्या पुलावरून रोज कामाला जात, तो ओलांडायला ई-पास लागू लागला. जून २०२१ मध्ये पाच स्तरांची पद्धत आली. बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या यावर स्तर ठरे. ही कसोटी आधीच्या कोणत्याही आदेशापेक्षा शहाणी होती. पण तिचे एकक होते दहा लाखांहून मोठी महापालिका, नाहीतर उरलेला सगळा जिल्हा. म्हणजे वेल्ह्याच्या पासलीतले दुकान किती वाजता बंद व्हावे, हे शिरूर, बारामती आणि हवेलीतल्या चाचण्यांवरून ठरणार. २ ऑगस्ट २०२१ च्या आदेशात २२ जिल्हे सुटले आणि ११ मागे राहिले, त्यांत पुणे. साडेचोपन्न हजारांच्या तालुक्याची स्थिती कशीही असली तरी त्या सरासरीत तिचे वजन शून्य. याउलट तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावपातळीवर पथके नेमून, बाधितांना वेळीच वेगळे काढून मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले, आणि पाठोपाठ राज्याने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धाच जाहीर केली. गाव हे एकक चालते, हे सरकारने बक्षिसासाठी मान्य केले. बंदीसाठी केले नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो की हे सगळे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. मार्च २०२० पुरता तो मला मान्य आहे. रोग कसा पसरतो, किती मारतो, काहीच पुरते ठाऊक नव्हते. अशा वेळी सगळे बंद करणे हाच सुज्ञ निर्णय होता आणि तो आठवडाभर आधी झाला असता तर बरे झाले असते. पण चीनमधल्या ग्वांगझूच्या हॉटेलात एसीच्या झोताने तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांत संसर्ग कसा गेला, याचा वृत्तांत एप्रिल २०२० मध्येच उपलब्ध होता. पुण्याच्या प्रभागांचे निष्कर्ष ऑगस्टमध्ये आले. ऑक्टोबरात बाजार आणि हॉटेल यांचा क्रम लावताना, किंवा पुढच्या एप्रिलात दुकानांचे तास कापताना, अज्ञानाची सबब उरलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्या तालुक्यात व्हेंटिलेटरपर्यंत पोहोचायला दोन तास लागतात आणि गावात मागे राहिलेली माणसे बहुतांशी वयस्कर, तिथे बंदी सैल करण्याऐवजी शहराहून कडक हवी. हे तत्त्व बरोबर आहे, आणि त्याच तत्त्वाने मी पर्यटनबंदीचे समर्थन करतो. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, पानशेतच्या किंवा भाटघरच्या पाण्याकाठी पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून गाड्या लोटतात. गडावरच्या वाऱ्यात संसर्ग होत नाही. तो होतो पायथ्याच्या घरातल्या पुढच्या खोलीत, जिथे पिठले-भाकरीची पंगत बसते आणि वाढणारी सासू साठीची असते. २०२१ च्या पावसाळ्यात प्रशासनाने या तालुक्यांतली पर्यटनस्थळे बंद ठेवली ते योग्यच केले. चुकले ते एवढेच की ज्या घरांची वर्षाची रोकड पावसाळ्याच्या त्या महिन्यांत येते, त्यांच्यासाठी बंदीसोबत काहीच आले नाही. पण या आक्षेपातून स्थानिक बाजार बंद ठेवण्याचे समर्थन निघत नाही. खाट दूर असेल तर माणूस खाटेपर्यंत जाण्याची वेळ येऊ नये यासाठी त्याच्या गोळ्या, त्याचे जेवण, त्याची गाडी चालू राहणे आणखीच महत्त्वाचे होते. शिवाय जून-जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस, सर्पदंशाचे दिवस. चिखलात पाय असलेल्या माणसाला वाहन वेळेत मिळणे ही तिथली रोजची आरोग्यसेवा आहे.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा आहे आणि तो करणाऱ्यांशी मला सहानुभूती आहे. नियम जितका बारीक तितका तो राबवणे कठीण. गावागणिक वेगळा आदेश काढला तर नाक्यावरच्या पोलिसाने काय लक्षात ठेवायचे? बारीक नियमांतून मेहेरबानी आणि चिरीमिरी दोन्ही वाढतात. हे खरे असले तरी २०२०-२१ चे सरसकट म्हणवले जाणारे नियमही काही सोपे नव्हते : केशकर्तनालये २८ जून २०२० ला उघडली ती केस कापायला, दाढी करायला नाही, लग्नाला २५ माणसे आणि दोन तास, एका बाजूची दुकाने आज, दुसऱ्या बाजूची उद्या. यापेक्षा सोपा नियम शक्य होता आणि तो कोणालाही एका वाक्यात सांगता आला असता : जे छताखाली आहे ते शेवटी उघडेल, जे उघड्यावर आहे ते आधी. मंगल कार्यालय, एसी हॉटेल, बंदिस्त दुकान यांच्यावर गर्दीची मर्यादा. आठवडे बाजार मोठ्या मैदानावर, पाले लांब लांब, आणि आठवड्यातून एकाऐवजी दोन दिवस. पोलिसाला हे पाहताक्षणी कळते. लग्न कार्यालयातून काढून शेतातल्या मांडवात नेता येते, आणि मावळात अशी लग्ने नवी नाहीत.

राहता राहिला मुदत वापरण्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर लसीच्या वेळी मिळाले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांचे लसीकरण सुरू झाले ते कोविन या संकेतस्थळावर नोंदणी करूनच. पुण्यातल्या जलद इंटरनेटवर बसलेल्यांनी ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा क्षणात पटकावल्या आणि मोटारींनी येऊन लस घेऊन गेले. त्याच दिवसांत स्थानिक दुकानदार ११ वाजता शटर ओढत होता, आणि ज्या लसीसाठी त्याने ते ओढले ती त्याच्याच गावच्या आरोग्य केंद्रातून शहरात चालली होती. दिवसभर गिऱ्हाइकांच्या तोंडासमोर उभे राहणाऱ्या या माणसाला, वडापच्या चालकाला, दूध संकलन केंद्रावरच्या मुलाला आशाताईंच्या यादीने आधी बोलावले असते, तर दुकाने लवकर आणि निर्धोक उघडली असती. नोव्हेंबर २०२१ मध्ये बहुतेक धंदे खुले होते तेव्हा एसटीचा संप सुरू झाला होता आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. बाजार भरत होता, दवाखाने उघडे होते, आणि खोऱ्यांतली माणसे वडाप मिळेल तेव्हा येत होती. त्या सहा महिन्यांत तालुक्यांतल्या रुग्णालयांची बाह्यरुग्ण नोंदवही किती भरली आणि २०२० च्या उन्हाळ्यात किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले तर दुकान बंद असण्याचा परिणाम आणि गाडी बंद असण्याचा परिणाम वेगळा काढता येईल. या विषयाच्या अभ्यासकाने सुरुवात तिथून करावी.